खर्ज भरल्याने आवाज खरोखर खाली उतरतो का?

मंद्रमग्न (धागाकर्ता):
पहाटे उठून तासभर खर्ज भरला, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वरांचा रियाज केला, की आवाज हळूहळू खाली उतरतो, असे बहुतेक गुरुजी सांगतात. मला हा समज अर्धवट वाटतो. आवाजाची खालची सीमा मुख्यतः स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर ठरते आणि आवाज एकदा फुटून स्थिरावला की रियाजाने ती फारशी सरकत नाही. पहाटे एखाद-दोन स्वर जास्त मिळतात, पण ते झोपेत स्वरतंतूंवर आलेल्या किंचित सुजेमुळे. न्याहारी होईपर्यंत ते गेलेले असतात. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा सा) सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे मंद्र षड्ज ६९ हर्ट्झचा. प्रत्येक विद्यार्थ्याने तिथवर उतरलेच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

नादलुब्ध:
सुजेचे मान्य, निष्कर्ष अमान्य. विद्यार्थी सुरुवातीला जिथे अडतो ती त्याच्या शरीराची सीमा नसून सवयीची सीमा असते. मंद्र पंचमाखाली जाताना बहुतेक जण हनुवटी छातीला टेकवतात, स्वरयंत्र खाली दाबतात आणि अर्धा श्वास स्वर लागण्याआधीच सोडून देतात. मग घरघर तेवढी उरते. मिटल्या ओठांनी, आवाज न वाढवता, सा, नी, ध, प असे एकेका श्वासाला एकच स्वर धरून उतरत गेले, तर हा दाब सुटतो आणि दोन-तीन स्वर स्वच्छ लागू लागतात. डागर घराण्याच्या परंपरेतला ध्रुपद गायकीचा आलाप मंद्रात इतका वेळ रमतो, तो काय केवळ जन्मजात देणगीवर?

मंद्रमग्न:
आपण झाकलेले स्वर मोकळे करण्याविषयी सांगत आहात, आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु सीमा वाढतच राहते असे मानणारा गुरू कुठेच थांबत नाही. दरबारी कानडा रागातला आंदोलित (संथ झुलवलेला) मंद्र धैवत भरीव लागणे मला, माईक तोंडाशी धरल्याशिवाय ऐकू न येणाऱ्या खर्जापेक्षा मोलाचे वाटते.

सुरेलवाट:
या चर्चेत स्त्रियांचा आवाज कुणाच्या गणतीतच नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा मंद्र षड्ज सुमारे १०४ हर्ट्झचा असतो; पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीतला हा स्वर तिच्याकडून रोज मागणे मला अघोरी वाटते. अशा वेळी भारदस्त, खालच्या आवाजाच्या गायिका गंगूबाई हनगल यांचे उदाहरण हमखास पुढे केले जाते, पण टॉन्सिलच्या उपचारानंतर त्यांचा आवाज पालटला होता, हे सांगायचे राहून जाते. माझ्या विद्यार्थिनींना मी मंद्र पंचमापर्यंतच नेते, आणि तोही क्षीण लागत असेल तर पट्टी (गाण्याचा सा) अर्ध्या स्वराने चढवते.

नादलुब्ध:
विद्यार्थिनींबाबतचा आक्षेप रास्त आहे. पट्टी चढवणे मात्र मला पळवाट वाटते, कारण मंद्रात मिळालेला अर्धा स्वर तार (वरच्या) सप्तकात द्यावा लागतो आणि ख्याल गाणारीला तो तिथेच अधिक लागतो. पट्टी तीच ठेवून खर्जाचा वेळ वीस मिनिटांवर आणावा, आणि आवाज दोन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर रियाज थांबवून घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, इतपत बदल मला मान्य आहे.

सुरेलवाट:
तार पंचमाला जिचा आवाज आधीच सहज पोहोचतो, तिला अर्धा स्वर देणे जड नाही. मी पट्टी तिचीच चढवते.