अनुभव धागा : कर्नाटकाच्या हद्दीवरचा रस्ता मोठा झाला तर आपल्याला काय मिळेल?

सांगली जिल्ह्याला दोन बाजूंनी कर्नाटक लागून आहे, एकीकडं बेळगाव, दुसरीकडं विजयपूर. तरी जिल्ह्याच्या विकासाचा विषय निघाला की सगळ्यांची तोंडं पुण्याकडं. मी जतची. आमच्या पूर्व भागातल्या माणसाला विजयपूर जवळ आणि सांगली लांब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके गेले, कागदांची अडवणूक बरीच कमी झाली. पण हद्द ओलांडणारे कितीतरी रस्ते होते तेवढेच राहिले. मिरज-कागवाड, कवठेमहांकाळ-अथणी, उमदीकडचे रस्ते, हे सगळे रुंद व्हावेत, ट्रकना थांबायला नीट जागा व्हावी, असं मला मनापासून वाटतं. गुहागर-विजयपूर महामार्ग जतवरून गेल्यावर गावाच्या कडेला कसा धंदा वाढतो ते डोळ्यांनी बघतेय.

त्यासाठी पाठिंब्याचा अर्ज द्यायचा विचार आहे. तुमचा अनुभव लिहा. पाठिंबा असेल तर का, शंका असेल तर कसली. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

बेदाणेवाला, तासगाव

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण तासगाव-सांगलीच्या सौद्यात येणारा सगळा माल आपल्याच जिल्ह्यातला असतो असं समजू नका. विजयपूर जिल्ह्यातला, तिकोटा-इंडी भागातला बेदाणा इथंच येतो. कारण कोल्ड स्टोअरेज इथं, देशभरचे खरेदीदार इथं आणि उधारी-वसुलीची जुनी घडी इथं. त्यांनी पिकवायचं, आपण विकायचं, दोघांचंही पोट त्यावर.

चार किलो द्राक्षातून साधारण एक किलो बेदाणा निघतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकायचे, मग पंधरा-वीस दिवस कोरडं वारं पाहिजे. ते वारं नागज, जत आणि पलीकडं विजयपूरकडं. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. आभाळ भरून आलं की शेडवरचा तयार माल कोल्डला हलवायची एकच घाई होते आणि सगळ्यांच्या गाड्या एकाच अरुंद रस्त्यावर येतात.

सौद्यात काय होतं ते बघायला एकदा या. पेटी फोडली जाते, खरेदीदार मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, दोन दाणे चिमटीत दाबतो, उजेडाकडं धरून रंग बघतो. ओल लागलेला दाणा बोटाला चिकटतो. हिरवा माल एकदा काळपट पडला की शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा दर तिथल्या तिथं उतरतो. असा माल घेऊन आलेले पलीकडचे शेतकरी मी सौद्यात पाहिलेत. खाली बसून राहतात, बोलत नाहीत.

रस्ता मोठा झाला तर पलीकडचा माल दुसरीकडं वळेल अशी भीती काहीजण घालतात. मला उलटं वाटतं. तिकडंही बाजार उभे राहतायत. येणंजाणं अवघड ठेवलं तर तो शेतकरी आपल्याकडं येणंच सोडेल. इथले हमाल, निवडणीला बसणाऱ्या बायका, टेम्पोवाले, सगळ्यांचा रोजगार त्या आवकेवर आहे.

पूर्वभाग

जत तालुका, पार शेवटाकडचं गाव. आई कन्नड बोलते, आण्णा मराठी, आम्ही भावंडं दोन्ही. बहीण दिली पलीकडं, वहिनी आणली तिकडनं.

२०२१ मध्ये कर्नाटकात शिरायला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. बहीण बाळंतीण, आणि आई डिंकाचे लाडू घेऊन नाक्यावर उभी. शेवटी डबा एका दूधवाल्याच्या हाती पाठवला. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला आणि एसटी बंद पडली. गावातली पोरं तिकडं कॉलेजला जायची, ती घरी बसली. हद्द बंद झाली की काय होतं ते आम्ही सोसलंय, म्हणून ती चांगली रुंद उघडावी असं आमचं म्हणणं. कुठलं गाव कुठल्या राज्यात हा वाद आपल्या जागी राहू द्या, रस्ता दोघांना लागतोय.

आमच्याकडच्या माडग्याळी जातीच्या मेंढ्या बघायला तिकडचे व्यापारी येतात. एखादा चांगला नर घ्यायला माणूस लांबून येतो, पण गाडी नीट येत नसेल तर दुसऱ्यांदा यायचं नाव घेत नाही.

खानावळ, मिरज

डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. अथणी, रायबाग, चिकोडी, जमखंडी, कुठून कुठून पेशंट येतात. एका पेशंटमागं दोन-तीन माणसं. ती जेवणार, राहणार, रिक्षा करणार, औषधं घेणार. माझी खानावळ सासूबाईंनी सुरू केली. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि मऊ भात, पेशंटच्या माणसाला एवढंच लागतं. फलक मराठी-कन्नड दोन्हीत आहे.

एकच सांगते. हद्दीवरनं येणारी अँब्युलन्स उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकते. उसाला दोन-दोन ट्रॉल्या असतात, ओव्हरटेक करायला जागा नाही. मागनं आलेले नातेवाईक माझ्याकडं चहा पिताना हेच बोलतात. मला गिऱ्हाईक वाढेल हे खरं, पण मी आधी त्या अँब्युलन्ससाठी सही करीन.

सावळजचा बागायतदार

विषय कर्नाटकाचा आहे, पण लांबच्या हद्दीचं सांगतो. आमची द्राक्षं बांगलादेशाला जातात. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलवरून पलीकडं बेनापोलला. २०१६ मध्ये तिथं एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला. २७ ऑक्टोबर २०२४ ला नवं प्रवासी टर्मिनल आणि मालासाठी 'मैत्री द्वार' सुरू झालं.

आता सावळजच्या माणसाला त्याचं काय? सगळं काही. क्रेटमध्ये भरलेलं द्राक्ष आठवडाभर प्रवास करून तिथं पोचतं. गाडी रांगेत थांबली की देठ सुकतो, मणी गळायला लागतात. तिकडं रांग लांबली की इथला दलाल फोन करून सांगतो, "उद्या तोडणी थांबवा." मग मजुरांना परत पाठवायचं, माल वेलीवर ठेवायचा आणि आभाळाकडं बघत बसायचं. दर उतरतो तो इथं, आमच्या बांधावर. शिवाय बांगलादेशाचं आयातशुल्क आहेच, ते आपल्या हातात नाही.

दोन हजार किलोमीटरवरचा दरवाजा रुंद झाल्यानं माझ्या बागेला फरक पडतो, तर घराजवळचा का पडणार नाही? फक्त एक मागणी जोडा. व्यवहाराची लेखी नोंद. माल न्यायला नवे नवे व्यापारी येतील, चेक देतील. न वटलेला चेक माझ्याही कपाटात आहे.

म्हैसाळ रस्ता

माझी पंक्चरची टपरी आहे, शेजारी भावाचा चहाचा गाडा. मी विरोधात नाही, पण इथं सगळे एकाच सुरात बोलायला लागलेत म्हणून लिहितो. मागं एका गावाला बायपास झाला. गावातल्या टपऱ्या वर्षाच्या आत उठल्या. रस्ता उंच झाला, सर्व्हिस रोड अर्धवट राहिला, गाडीवाल्याला खाली उतरायलाच येईना. धंदा गेला तो लांबच्या मोठ्या ढाब्यांकडं. हद्दीवर ट्रक थांबणार असतील तर तिथले गाळे आधी कुणाला? आत्ता रस्त्याकडेला आहेत त्यांना, की बोली लावायची ऐपत असणाऱ्यांना?

(धागाकर्ती) हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाठिंब्याच्या अर्जात पहिल्या ओळीत गेला पाहिजे. जमिनीचं कुणाला माहिती आहे का?

मोजणीवाला

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्यानं संपादन होतं. आधी त्यातल्या कलम थ्री-एची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, अधिसूचना निघते, राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रातही छापतात. राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची असते, लेखी. लोक नोटीस घरी येईल म्हणून वाट बघत बसतात आणि मुदत जाते. सातबारावर विहीर, पाइपलाइन, झाडांची नोंद आहे का ते आजच बघा. मोबदला ठरताना नोंद नसलेली पाइपलाइन सिद्ध करणं फार जड जातं. वाटण्या झाल्या असतील तर नावं चढवून घ्या, नाहीतर भाऊबंदकीत रक्कम अडकून पडते.

पिकअपवाला

डाळिंब घेऊन जत-विजयपूर करतो. रात्री थांबायला उजेडाची जागा आणि संडास, एवढं झालं तरी पुष्कळ. गाडीत झोपून ताडपत्रीच्या दोऱ्या कापलेल्या मला ऐकू आल्यात.

सदस्य, ग्रामपंचायत

आमच्या ग्रामसभेत ठराव झाला, रस्त्याला पाठिंब्याचाच. पण अटी घातल्यात : दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचा सर्व्हिस रोड, ओढ्यावरच्या मोऱ्या मोठ्या, मेंढरं पार करायला खालनं वाट, ट्रकतळाजवळचे गाळे आधी रस्त्यावरच्या टपरीवाल्यांना आणि बचत गटांना. बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं आल्या होत्या आणि मेंढरांच्या वाटेची अट त्यांनीच घालायला लावली. पलीकडच्या गावाच्या पंचायतीशीही बोलणं चालू आहे. त्यांचा ठराव कन्नडमध्ये होणार, त्याचं मराठी करून दोन्ही एकत्र जोडायचे आहेत. सातबारा वाचता येणारं आणि कन्नड लिहिता येणारं कुणी जतच्या आसपास असेल तर इथं कळवा, पुढच्या अमावस्येच्या आत अर्ज द्यायचा विचार आहे.

पूर्वभाग

मी येतो. आईलाही आणतो, तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे.