अर्धशिशी: गोळी नेमकी कधी घ्यायची

‘उलटी झाली की डोकं उतरते, म्हणजे पित्तच,’ असं बरेच जण म्हणतात. उलटी हे कारण नाही, अर्धशिशीच्या (मायग्रेनच्या) झटक्याचाच भाग आहे. झटका आधीच सुरू झालेला असतो: काही तास ते दोन दिवस अगोदर सारख्या जांभया, आखडलेली मान, गोडाची ओढ. (गोड खाल्ल्यानं डोकं उठलं, असं मग उगाच वाटते.) काहींना नजरेसमोर नागमोडी चमकती रेघ दिसते, हळूहळू पसरते अन् ५ ते ६० मिनिटांत विरते. मग ठणका, उपचार नसला तर ४ ते ७२ तास.

ठणक्यात जठर मंदावते, गोळी पोटात पडून राहते. निंदण आटोपून सांजेला घरी जाऊन घेऊ म्हटलं की ती फुकट जाते. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुपट्ट्याच्या गाठीत ठेवा, ठणका सुरू होताच घ्या. पण दुकानातली मिश्र गोळी (एकीतच दोन-तीन औषधं असलेली) महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तीही महिनोन्‌महिने घेतली, तर तिच्यानंच डोकं दुखायला लागते.

मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस तापानं फणफणला, बरळू लागला, तर ती अर्धशिशी नाही, उष्माघात आहे. अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन लावा.