आर.व्ही.ने कूपर्सटाउन: आई-बाबांसह ओट्सेगो सरोवराकाठी दोन दिवस

प्रश्न

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे आई-बाबा वाईहून आले आहेत आणि जूनच्या अखेरीस पंचवीस फुटी आर.व्ही. भाड्याने घेऊन न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे दोन रात्री राहण्याचा आमचा विचार आहे. बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि आईला बाहेरचे जेवण सोसत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर आणि शौचालय सोबत असलेली गाडी आम्हाला सोयीची वाटते. या गावाविषयी जे काही वाचनात आले ते बहुतेक सर्व तिथल्या बेसबॉलच्या संग्रहालयाविषयी होते, आणि आमच्या घरात त्या खेळाची आवड कोणालाच नाही. बेसबॉल वगळल्यास दोन दिवस रमण्यासारखे तिथे काय आहे? एवढी मोठी गाडी गावात नेता येते का? मुक्काम कुठे करावा?

पहिला प्रतिसाद

आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत, त्यामुळे गाडीविषयी आधी लिहितो. आंतरराज्य महामार्ग 88 वरून 17 क्रमांकाच्या एक्झिटला बाहेर पडून राज्यमार्ग 28 धरावा. न्यूयॉर्कमधील पार्कवे, म्हणजे केवळ मोटारींसाठी बांधलेले रस्ते, मात्र कटाक्षाने टाळावेत, कारण तिथले अनेक जुने पूल इतके ठेंगणे आहेत की आर.व्ही.चे छप्पर त्यांना धडकू शकते, आणि फोनवरचा नेहमीचा नकाशा आपल्या गाडीची उंची लक्षात घेत नाही.

गाडी मेन स्ट्रीटवर नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या खेपेला आम्ही ती चूक केली. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, मधोमध पादचारी, आणि वळायला जागा नाही, अशा स्थितीत गावाबाहेर पडेपर्यंत पत्नीला गाडीमागे पायी चालत मला इशारे द्यावे लागले. उन्हाळ्यात गावाच्या वेशीवरच्या वाहनतळांपासून ट्रॉलीच्या आकाराची बस गावात ये-जा करते. तिचा थांबा संग्रहालयांपाशीही असल्याने बाबांना फार चालावे लागणार नाही.

मुक्कामासाठी सरोवराच्या उत्तर टोकाजवळचे ग्लिमरग्लास राज्य उद्यान मला सर्वांत आवडते. आरक्षण आजच करावे, कारण मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमुळे संपूर्ण उन्हाळाभर इथे गर्दी असते आणि 4 जुलैची सुट्टीही जवळ आलेली असते. आरक्षण करताना आपल्या जागेवर विजेची जोडणी आहे की नाही हे पाहावे. शेकोटीसाठी घरून लाकडे नेऊ नयेत. झाडांना घातक असणारे कीटक लाकडांतून पसरतात म्हणून प्रक्रिया न केलेले सरपण 50 मैलांपेक्षा दूर नेण्यास या राज्यात मनाई आहे. भांडी घासलेले पाणीही टाकीतच साठवून डम्प स्टेशनवरच, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरलेल्या जागीच, सोडावे. कूपर्सटाउनचे पिण्याचे पाणी याच सरोवरातून येते.

दुसरा प्रतिसाद

आपले आई-बाबा वाईचे आहेत हे वाचून लिहावेसे वाटले. कृष्णेच्या घाटावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या गावात सर्वप्रथम दाखवण्यासारखे काही असेल तर ते आहे एका मोठ्या नदीचे उगमस्थान. ओट्सेगो सरोवर सुमारे नऊ मैल लांब आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला, अगदी गावालगत, त्याचे पाणी बाहेर पडते. तीच सस्क्वेहॅना नदी. तिथून 444 मैल वाहत जाऊन ती चेसापीक उपसागराला मिळते. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्गजवळ जिचे पात्र जवळजवळ मैलभर रुंद दिसते, ती इथे इतकी अरुंद आणि शांत असते की नाव ठाऊक नसलेला माणूस तिला एखादा ओढाच समजेल.

रिव्हर स्ट्रीटच्या टोकाशी पाण्यातून डोके वर काढलेला एक मोठा खडक आहे. त्याला कौन्सिल रॉक म्हणतात. मूळ रहिवासी तिथे एकत्र जमत, अशी परंपरागत समजूत आहे. काठापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत, मात्र वरूनही खडक दिसतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1779 साली, अमेरिकी जनरल जेम्स क्लिंटन यांच्या सैन्याने याच जागी बांध घालून सरोवराची पातळी वाढवली आणि मग तो फोडून त्या लोंढ्यावर आपल्या दोनशेहून अधिक नौका खाली नेल्या. ती मोहीम हौडेनोसौनी (इरोक्वाय) या मूळ रहिवासी लोकांची गावे आणि उभी पिके उद्ध्वस्त करण्यासाठी होती, हे तिथे उभे असताना विसरता येत नाही. विल्यम कूपर यांनी आजचे गाव वसवले ते त्यानंतर, 1786 मध्ये.

पहाटे सरोवरावर बहुधा धुके असते आणि ते विरळ होऊ लागले की उत्तरेकडे निजलेल्या सिंहासारखी टेकडी हळूहळू दिसू लागते. लेकफ्रंट पार्कमधल्या बाकावर थर्मासमधला चहा घेऊन तासभर बसावे. माझ्या सासूबाईंना संपूर्ण अमेरिकेच्या प्रवासातला तोच तास सर्वाधिक आठवतो.

प्रश्नकर्तीचा खुलासा

दोघांचेही मनापासून आभार. उगमाचे वाचून दाखवले तेव्हा बाबांनी लगेच नकाशा मागितला. आई शेतकरी घरातली आहे. तिच्यासाठी आणखी काही सुचवाल का?

तिसरा प्रतिसाद

आईंना फार्मर्स म्युझियममध्ये अवश्य न्यावे आणि निदान अर्धा दिवस द्यावा. 1944 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात ठिकठिकाणच्या जुन्या इमारती आणून एकोणिसाव्या शतकातले खेडे उभे केले आहे. लोहाराचा भाता, छापखाना आणि गुरे तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. आमच्या आईने तिथल्या लोहाराचे काम पाहताना, विळ्याला पाणी कसे देत असत हे आम्हाला इतके बारकाईने सांगितले की शेजारची कुटुंबेही थांबून ऐकू लागली आणि मला दुभाष्याचे काम करावे लागले. कार्डिफ जायंट नावाचा जिप्समचा सुमारे दहा फुटी पुतळाही तिथेच आहे. अश्मीभूत झालेला महाकाय मानव सापडला, अशी 1869 मध्ये लोकांची फसवणूक झाली होती, तीच ही मूर्ती.

ग्लिमरग्लास उद्यानात उतरणार असाल तर तिथला छप्पर असलेला लाकडी पूलही पाहावा. तो 1825 सालचा असून या प्रकारचा अमेरिकेतील सर्वांत जुना शिल्लक पूल मानला जातो. आता त्यावर वाहने जात नाहीत, त्यामुळे बाबांना वाटेल तितके थांबत, कठड्याला टेकत तो ओलांडता येईल.