देवराईच्या राखणदाराची ‘वृत्ती’ लिहावी का?

मलप्रभाकाठ :
बेळगावच्या आमच्या गटाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घेऊन कथा रंगवण्याच्या खेळाची नवी मोहीम जांबोटी-कणकुंबीच्या रानावर बेतली आहे आणि देवराईच्या राखणदाराच्या नोंदीत त्याची ‘वृत्ती’, म्हणजे त्याचा नैतिक कल, लिहावी का, यावरून पहिल्याच बैठकीत मतभेद झाले. १९७४ साली या खेळात नियम, तटस्थता आणि अनागोंदी असे तीनच पक्ष होते. पुढे १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत त्यांना सुष्ट-दुष्टाची जोड मिळून नऊ वृत्ती झाल्या. पण मान दिला तर वाट दाखवणारी आणि मान चुकला तर चकवा लावणारी शक्ती या नवांपैकी कोणत्या घरात बसवायची? तिला तटस्थ म्हणणे मला पटत नाही, कारण वाळलेली काटकीही राईबाहेर नेऊ नये, हा दंडक ती फार कडकपणे पाळायला लावते. माझ्या मते तिचा स्वभाव लिहूच नये. तिचा दंडक, तिचा मान आणि तो चुकल्यास होणारा परिणाम एवढेच लिहावे.

रानवाट :
असहमत. दोन दंडकांच्या मधली सगळी जागा मग खेळ चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहते. मागच्या मोहिमेत आम्ही नारळ ठेवला, रीतसर गाऱ्हाणे घातले, तरी राखणदाराने वाट अडवली आणि कारण विचारल्यावर ‘त्याची इच्छा’ एवढेच उत्तर मिळाले. वृत्ती लिहिलेली असती, तर निदान जाब विचारता आला असता. शिवाय तटस्थ म्हणजे उदासीन असे आपण धरून चालला आहात. सुष्ट-दुष्टांच्या झगड्यात बाजू न घेणारा, असा तो अर्थ आहे. २०१४ च्या आवृत्तीत झाडाशी जखडलेल्या ‘ड्रायड’ या वनपरीला तटस्थ म्हटले आहे, ते याच अर्थाने.

शहापूर पेठ :
१९८५ चा ‘पेंड्रॅगन’ हा याच प्रकारचा खेळ पाहावा. त्यात क्षमाशील-सूडबुद्धी अशा स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते. एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते आणि प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकून निर्णय होतो. हे नियम सरदारांसाठी आहेत, तरी देवळात कौल लावून उजवी कळी पडते की डावी, हे पाहणाऱ्या आपल्या लोकांना ती रीत परकी वाटणार नाही.

मलप्रभाकाठ :
रानवाट यांची तक्रार रास्त आहे. खेळाडूंपासून दडवलेला दंडक हा दंडकच नव्हे, म्हणून तो आरंभीच वाचून दाखवू. जोडीची कल्पनाही घेतो, मात्र तो आकडा राखणदाराच्या नावावर न मांडता गावागणिक वेगळा मांडीन, कारण एका गावावर कोपलेला राखणदार शेजारच्या गावाला पावलेला असू शकतो. साती आसरांना मात्र आकडा देणार नाही. आमच्या घरी आजही त्यांची ओटी भरतात. त्या मोहिमेत केवळ उल्लेखापुरत्या राहतील.

रानवाट :
गावागणिक आकडा मान्य. पण एकाच गटात दोन गावांची पात्रे असतील, तर कोणाचा आकडा धरायचा, हे पुढच्या बैठकीपूर्वी लिहून द्यावे.