सगळे एकाच डीबी लॉगिनने येतात, ऑडिटमध्ये माणूस कसा ओळखायचा?

कोडकर: नमस्कार मंडळी, एका पतसंस्थेचं वेब ॲप आहे, जावाच्या स्प्रिंग बूटवर, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, मधे हिकारी पूल (उघडी कनेक्शन्स सगळ्यांना आळीपाळीने वापरायला देणारा), आणि डेटाबेसकडे सगळे एकाच लॉगिनने जातात. ऑडिट ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालून नोंद करणारा कोड) लावलाय पण त्यात करंट_युजर, म्हणजे डीबी लॉगिनचं नाव, घेतला की प्रत्येक ओळीत तेच नाव, मग व्याजदर मॅनेजरने बदलला की क्लार्कने, काही पत्ता नाही. प्रत्येकाला वेगळं डीबी लॉगिन दिलं तर पूलचा उपयोगच राहत नाही ना? काय करता तुम्ही लोक?

रात्रपाळी: टेबलात अपडेटेड_बाय कॉलम टाका, शेवटचा बदल कोणी केला ते त्यात, विषय संपला.

कोडकर: तो आहे हो, पण रो डिलीट झाली की कोणी केली ते कुठून आणू?

डीबीए_काका: लॉगिन एकच राहू दे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) सुरू झालं की पहिली क्वेरी सेट_कॉन्फिग('ॲप.युजर', आयडी, ट्रू). ते शेवटचं ट्रू महत्त्वाचं, त्याने नाव त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहतं. फॉल्स दिलंस तर कनेक्शन पूलमध्ये परत गेलं तरी नाव चिकटून राहणार आणि एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढणार, त्यापेक्षा ऑडिट नसलेलं बरं. ट्रिगरमध्ये करंट_सेटिंगने वाच, तिथेही दुसरा पॅरामीटर ट्रू, नाहीतर सेटिंग नसेल तेव्हा एरर येते. आणि त्याच कनेक्शनवर आधी कधी सेट झालेलं असेल तर नल (म्हणजे किंमतच नाही) नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते, म्हणून तिचा नल करायला नलइफ लाव. ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी स्वतंत्र ट्रान्झॅक्शन) चालू असेल तर पुढच्या क्वेरीपर्यंत नाव उडालेलं असतं, ते आधी बघ.

टेबलस्पेस_ताई: आमच्याकडे ओरॅकल. डीबीएमएस_सेशन पॅकेजमधलं सेट_आयडेंटिफायर वापरतो, नाव चालू सेशन दाखवणाऱ्या व्ही$सेशनमध्ये पण दिसतं आणि ऑडिट ट्रेलमध्ये पण उतरतं. फक्त कनेक्शन परत देताना क्लिअर_आयडेंटिफायर करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना 2016 पासून याच कामासाठी एसपी_सेट_सेशन_कॉन्टेक्स्ट आहे.

शंकासुर: पण काका, ॲप सांगेल ते नाव डेटाबेस मुकाट्याने मानणार. तोच पासवर्ड घेऊन कोणी ॲप टाळून थेट पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसची कमांड लाइन) शिरला तर?

डीबीए_काका: तर तो हवं ते नाव टाकेल, खरंय. म्हणून पीजी_एचबीए फाईलमध्ये (कोणी कुठून जोडायचं ते ठरवणारी) ते लॉगिन फक्त ॲप सर्व्हरच्या आयपीवरून चालू ठेवायचं, आणि नाव रिकामं दिसलं की ट्रिगरमधूनच एक्सेप्शन टाकून बदल अडवायचा. मात्र कोडकर, ते लावायच्या आधी बॅच जॉबला (माणसाशिवाय आपोआप चालणारं काम) स्वतःचं काहीतरी नाव दे, नाहीतर रात्रीचं व्याज पोस्टिंग अडकेल आणि पहाटे फोन तुलाच येईल.