टॅब आणला, आता कामात कसा बसवला ते सांगा

दारव्हा तालुका, धागा मीच काढला
सोयाबीनचे पैसे आले तेव्हा दहा इंची टॅब घेतला. पंधरा दिवस झाले, टीव्हीजवळ दुपट्ट्यात गुंडाळून पडला आहे. पोट्ट्यांना कार्टून पाहिजे, बायकोला ब्लाऊजचे डिझाईन, बाबांना कीर्तन, मला वावराचा हिशोब, सगळ्यांनाच पाहिजे अन् कोणाचंच काम धड होऊन नाही राहिलं. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं वापरला त्यांनी लिहा. कुठं ठेवता, उन्हाळ्यात काय करता, मोबाईलवर होत नाही असं कोणतं काम यावर होतं? लांब लिहिलं तरी चालेल, मी सावकाश वाचतो.

वरूड, संत्र्याचा बगीचा
भाऊ, मी आधी झाडांची नोंद वहीत ठेवायचो, पण बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या औषधाच्या) हातानं वही धरली की पानं निळी होऊन जायची, महिन्यानं काय लिहिलं तेच वाचता नाही यायचं. आता टॅब जाड पारदर्शक पन्नीत घालून नेतो, पन्नीवरूनही बोट चालतं. दुपारी उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही म्हणून सकाळी सातच्या आत फेरी मारतो. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागलेल्या झाडाला खडूनं नंबर टाकायचा, ओळ 14 झाड 9 असा, अन् खोडाचा जवळून फोटो. साल खरडली, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना अन् 10 लिटर पाण्याची पेस्ट लावली, पुन्हा महिन्यानं त्याच बाजूनं फोटो. तीन महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले तेव्हा समजलं की आजारी झाडं सगळी उताराच्या दोन ओळीतली, अन् प्रत्येक फोटोत खोडाजवळची माती ओली. ड्रीपची नळी खोडाला चिकटली होती. रोज तिथून जायचो पण दिसलं नव्हतं. मग नळ्या दूर सरकवल्या, दुहेरी आळं केलं म्हणजे पाणी खोडाला लागतच नाही. नागपूरला लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत गेलो तर हेच फोटो तिथं मोठे करून दाखवले, फांद्या तोडून पिशवीत भरून न्यायची गरज पडली नाही. माह्यासाठी टॅब म्हणजे हेच, बाकी गाणी-बिणी मोबाईलवरच.

आर्णी तालुका, किराणा
घेतानाच पाहून घ्या, सिम टाकता येते का नाही. मी फक्त वायफायवाला घेतला अन् दोन ठिकाणी अडकलो. एक तर यूपीआय चालू होत नाही, कारण बँकेत असलेल्या नंबराचं सिम त्याच मशीनमध्ये लागते, तिथून मेसेज जातो तेव्हाच खातं जोडलं जाते. दुसरं, त्यात जीपीएस नव्हतं, वावरात जाऊन ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, ॲपवर करू म्हटलं तर तो गट नंबरजवळ आलोच असं मानायला तयार नाही, शेवटी मोबाईलवरच केली. उधारीला मात्र चांगला. गिऱ्हाईकाकडं स्क्रीन फिरवतो, त्याच्यासमोर आकडा टाकतो, कापूस निघाल्यावर वाद होत नाही.

धारणी तालुका, जिल्हा परिषद शाळा
आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, मुलं घरी कोरकू बोलतात. मी इकडचा नाही, पहिल्या वर्षी मुलं माझ्याकडे बघत बसायची आणि मला वाटायचं यांना येतच नाही काही, ती माझी चूक होती आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. टॅब आला तेव्हा आधी बालभारतीची पुस्तकं पीडीएफ करून टाकली, नेट नसलं तरी उघडतात, ते उपयोगाचं आहेच. पण खरं काम निघालं ते आवाज रेकॉर्ड करण्यात. हातपंपाचा फोटो काढला, पाणी कुठंय विचारलं, मागच्या बाकावरची एक पोरगी हळूच बोलली, "डा." तेच रेकॉर्ड करून फोटोला जोडलं आणि सगळ्यांना ऐकवलं. स्वतःचा आवाज त्या चपट्या पाटीतून आला तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली, आणि मग रांगच लागली, मी बोलतो मी बोलतो. आता एकेका फोटोला आधी कोरकू आवाज, मग मराठी आवाज, मग अक्षर, असं दीडशेच्या वर शब्दांचं झालंय, सगळे आमच्याच गावातले फोटो, मोह, बैलबंडी, नाला. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे हा पूल बांधल्याशिवाय पहिलीचं पोर वाचायला लागेल कसं? चार्जिंग मी तालुक्याच्या खोलीवरून करून आणतो, शाळेतल्या लाईटचा भरवसा नाही.

सेलू तालुका, बचत गट
आमच्या गटात तीन बाया अशा की ज्यांना सहीपुरतंच येते. पंचसूत्रीत, म्हणजे बचत गटाच्या पाच नियमांत, अद्ययावत हिशोब आहे पण तो समजला पाहिजे ना. रजिस्टर आहेच, ते सोडायचं नाही, मी फक्त त्या पानाचा फोटो टॅबवर मोठा करून मधात ठेवते, बोट ठेवून सांगते हे तुझे, हे हिचे. एका मावशीनं त्यातच स्वतःचा एक हप्ता लिहायचा राहिलेला पकडला. लिहायला मी होते, तिथंच दुरुस्त केलं.

चिमूर तालुका, बारावी सायन्स
मला महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब मिळाला, नीटसाठी, सोबत सिम आणि रोजचा 6 जीबी डेटा. डेटा भरपूर पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून सायंकाळी भाऊ सोबत येतो आणि मी लेक्चर डाउनलोड करून घरी आणते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, टॅब टिनाखाली ठेवला होता तर चार्जिंगच थांबलं, गरम झाल्याची सूचना आली. फ्रीजमध्ये वगैरे ठेवू नका, आत पाणी सुटतं. मी माठाजवळच्या कोनाड्यात सावलीत ठेवते आणि पहाटे चारला चार्ज करते. वही-पेन सोडलं नाही, गणितं कागदावरच.

पुसद
वरच्या ताईनं गरमीचं लिहिलं ते मनावर घ्या. आमचा रात्रभर उशीखाली चार्जिंगला राहायचा, लेकरू बघत बघत झोपायचं. एक दिवस मागचं झाकण उचललेलं दिसलं, बॅटरी पापडासारखी फुगली होती. तशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका, दुकानात द्या. लेकराची उशी होती ती, आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तिवसा तालुका
आमच्या भजन मंडळातल्या वह्या सासऱ्यांच्या हातच्या, शाई उडून गेलेली. सुनेनं पानोपान फोटो काढले, उजेड वाढवला, आता रात्री खंजेरीवर बसलो की समोर तिपाईवर टॅब, अक्षर अंगठ्याएवढं. सत्तरीतले तिघं पुन्हा म्हणायला लागले. ते डोळ्यामुळं बंद झाले होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

दारव्हा, पुन्हा मी
सगळ्यांचं दोनदा वाचलं. दाराजवळच्या फळीवर त्याची जागा केली, उशीजवळ न्यायचा नाही हे पोट्ट्यांना सांगितलं. संध्याकाळी महाभूलेखवर आमचा सातबारा उघडला, बाबांनी चष्मा न लावता दोन बोटांनी मोठा केला, एकेक ओळ वाचत गेले अन् इतर हक्काच्या रकान्यात थांबले. म्हणे हे कर्ज तर मी कधीचं फेडलं, बोजा अजून दिसून राहिला. फेडल्याची पावती पेटीत आहे, ती घेऊन उद्या तलाठ्याकडं जातो आम्ही दोघं.