मेबल नॉर्मंडचे मूकपट दाखवायचेत: कोणते घ्यावेत, वेग किती ठेवावा?

प्रश्न
नमस्कार. सांगलीत छोट्या सभागृहात अमेरिकन मूकपटांतली नटी मेबल नॉर्मंड हिच्यावर कार्यक्रम ठरतोय. हातात सव्वा तास, साथीला पेटी-तबला. फायलींमध्ये माणसं तुरुतुरु पळतात, तिचा अभिनय दिसतच नाही. काय करावं? आणि पत्रिकेत 'चॅप्लिनची नायिका' लिहिलं तर चालेल?

कृष्णाकाठ
ते आधी खोडा. १९१४ साली चॅप्लिन कीस्टोन या अमेरिकन चित्रपट कंपनीत नवखा होता. मेबल १९१२पासून तिथली आघाडीची नटी, शिवाय दिग्दर्शनही करायची. 'मेबल ॲट द व्हील'मध्ये तिच्या हाताखाली काम करताना आपलं कसं बिनसलं, हे चॅप्लिननंच आत्मचरित्रात लिहिलंय. त्याचा तो प्रसिद्ध वेष कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आला 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकॅमेंट'मध्ये. चॅप्लिनचा 'किड ऑटो रेसेस' नंतर चित्रित होऊनही दोन दिवस आधी, ७ फेब्रुवारीला लागला, म्हणून तोच पहिला असा घोळ होतो. (फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती त्याच्या आदल्याच वर्षी साळुंके या पुरुष नटानं केली होती. निवेदनात हे जरूर घ्या.)

रीळवाला
वेगाचं गणित सोपं आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १००० फुटी रिळात १६,०००. सेकंदाला १८ फ्रेमनं ते १५ मिनिटं चालतं, २४नं ११. एका रिळाचा चित्रपट ११ मिनिटांत उरकत असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा. पंधराच्या आसपास असेल तर हात लावू नका, ती प्रत आधीच दुरुस्त केलेली असणार. पण नुसत्या मिनिटांवर जाऊ नका, कापलेल्या प्रती पुष्कळ फिरतात. डोळ्यांनी तपासा, तेही पाठलागात नको: तिथं कॅमेरामन मुद्दाम कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवायचे, म्हणजे पडद्यावर सगळं भरभर दिसतं, ते पळणारच. कुणी दार उघडतंय, टोपी काढतंय अशी जागा बघा. फाइलमधलं संगीत बंदच ठेवा. चित्रपटावरचा ६० वर्षांचा हक्क आपल्याकडे कधीच संपलाय, नव्यानं चढवलेल्या संगीताचा संपलेला नसतो.

कृष्णाकाठ
निवड: 'प्रेडिकॅमेंट' १ रीळ, 'फॅटी अँड मेबल ॲड्रिफ्ट' (१९१६) ३ रिळं. तुमच्याच हिशेबानं तास झाला. उरलेल्या वेळात 'द एक्स्ट्रा गर्ल' (१९२३) मधला सिंहाचा प्रसंग. सिंहाचं सोंग घेतलेला कुत्रा समजून ती खऱ्या सिंहाला दोरीनं ओढत नेते. आजूबाजूला पळापळ, आणि ही त्यालाच दटावतेय! दिग्दर्शक टेलर यांच्या खुनाचं प्रकरण (१९२२), ज्यात तिचं नाव गोवलं गेलं, एका वाक्यात संपवा. तिच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही. १९३०मध्ये ती क्षयानं गेली.

रीळवाला
पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मराठीत मोठ्यानं वाचायला एक माणूस लागेल, तेवढ्यापुरती पेटी खाली घ्या. तबलजींना सांगा, प्रत्येक आपटण्यावर थाप नको, दहा मिनिटांत कान विटतात. आणि 'ॲड्रिफ्ट'मध्ये झोपलेल्या मेबलच्या गालावर फॅटीची (तिचा सहनट रॉस्को आर्बकल) नुसती सावली ओणवून मुका घेते, तिथं तबला पूर्ण बंद.